दहापैकी चार





गेल्या मार्चमध्ये एका मित्राच्या मुलीचा फोन आला. ती आणि तिचा नवरा दोघेही शिकागोत नोकरी करतात. शहराच्या उत्तर टोकाला, रॉजर्स पार्क भागात भाड्याने राहतात. मुलगा पाच वर्षांचा होतोय, सप्टेंबरच्या आत किंडरगार्टनचा निर्णय घ्यायचा आहे. "काका, घराजवळच्या शाळेला दहापैकी चार आहेत. नेपरव्हिलला नऊवाल्या शाळेशेजारी एक घर पाहिलंय. लीज जूनमध्ये संपते. तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

मी काय केले असते हा प्रश्नच नव्हता. मी ते करून बसलो आहे. १९९६ साली आम्हीही शहराच्या याच भागात राहत होतो आणि आमची मुलगी पाच वर्षांची होती. त्या वेळी इंटरनेटवर आकडे पाहायची सोय नव्हती, पण राज्याच्या परीक्षांचे निकाल वर्तमानपत्रात कोष्टकांनी छापून येत. मी ती पुरवणी जेवणाच्या टेबलावर पसरली, हायलायटर घेतला आणि दोन तासांत आमचे पुढचे वीस वर्षांचे आयुष्य ठरवून टाकले. घराजवळच्या शाळेत मी एकदाही पाऊल ठेवले नाही. तिच्या फाटकासमोरून रोज बसस्टॉपवर जात होतो, तरीही. नोकरीत एखादे सॉफ्टवेअर विकत घ्यायचे तर आम्ही तीन महिने तपासणी करत असू.

हे आज लिहिण्याचे कारण असे की आपल्या गटातील बहुतेकांनी हेच केले आहे. जातीवर, आरक्षणावर, शिक्षणाच्या बाजारीकरणावर आपण तासन् तास बोलतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत बदल करून, सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघातल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के राखीव जागांतून मोकळे केले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी संताप व्यक्त केला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, तेव्हा आनंदही व्यक्त केला. पण गरिबाच्या मुलाने श्रीमंताच्या मुलाशेजारी बसावे असे पुण्यासाठी म्हणणारे आपण, इथे घर घेताना नेमकी उलटी चाळणी लावतो. मीही लावली. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. आकड्यांबद्दल मात्र बोलता येईल, कारण आकड्यांत आपण सगळेच पोट भरतो.

तो चार कुठून येतो? ग्रेटस्कूल्स ही संस्था शाळांना १ ते १० असे गुण देते आणि घरे विकणाऱ्या संकेतस्थळांवर तो आकडा खोल्यांच्या नि बाथरूमच्या संख्येखाली दिसतो. अनेक वर्षे हा आकडा जवळजवळ संपूर्णपणे परीक्षेतल्या सरासरी गुणांवर बेतलेला होता. २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद्धत बदलली, विद्यार्थ्यांची प्रगती आणि वेगवेगळ्या गटांमधली तफावत त्यात आली. सुधारणा झाली हे मान्य. तरी सरासरीचा वाटा आहेच, आणि घर शोधणारा माणूस आकड्याच्या आत काय आहे ते उघडून पाहत नाही.

सरासरी गुण शाळेबद्दल फारसे सांगत नाहीत, शाळेत येणाऱ्या मुलांच्या घरांबद्दल सांगतात. ही गोष्ट १९६६ च्या कोलमन अहवालापासून माहीत आहे. सहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी करून त्या अहवालाने म्हटले होते की गुणांमधल्या फरकात घरच्या परिस्थितीचा वाटा शाळेच्या साधनांपेक्षा मोठा असतो. आपल्याला हे कळायला खरे तर कोलमनची गरज पडू नये. "दहावीचा शंभर टक्के निकाल" लावणाऱ्या शाळा आपण पाहिलेल्या आहेत. नववीत चाळण लावायची, कच्च्या मुलांना नापास करायचे किंवा पालकांना बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचे, आणि जूनमध्ये फाटकावर फलक लावायचा. त्या फलकाला आपण हसायचो. इथे चाळण शाळा लावत नाही, घरांच्या किमती लावतात, एवढाच फरक. त्या फलकाला मात्र आपण हसत नाही. त्याच्यासाठी तीस वर्षांचे कर्ज काढतो.

एक साधे गणित मांडतो. आकडे काल्पनिक आहेत, कागदावर करून पाहा. उपनगरातल्या शाळेत ९० टक्के मुले सुखवस्तू घरांतली, त्यांतली ७० टक्के परीक्षेत अपेक्षित पातळी गाठतात. उरलेली १० टक्के गरीब, त्यांतली ३० टक्के गाठतात. शाळेचा एकूण निकाल ६६ टक्के. शहरातल्या शाळेत सुखवस्तू ३० टक्केच, पण त्यांतली ७५ टक्के पातळी गाठतात; गरीब ७० टक्के, त्यांतली ३८ टक्के गाठतात. एकूण निकाल जेमतेम ४९ टक्के. म्हणजे सुखवस्तू मूल असो वा गरीब, दोघांचाही निकाल दुसऱ्या शाळेत सरस, आणि तरीही यादीत ती शाळा सतरा टक्के खाली. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. आपल्यातल्या निम्म्यांनी तो परीक्षेत सोडवला असेल.

म्हणून पहिला प्रश्न: मुले कुठे आहेत हे राहू द्या, कुठून कुठवर जातात? स्टॅनफर्डच्या शॉन रिअर्डन यांनी २०१७ मध्ये देशभरातल्या अकरा हजारांहून अधिक स्कूल डिस्ट्रिक्टांचे निकाल एका मापावर आणून हेच तपासले. सरासरी गुण श्रीमंतीच्या मागोमाग चालतात, पण तिसरी ते आठवी या काळात मुले किती पुढे जातात याचा श्रीमंतीशी संबंध अगदी कमजोर निघाला. आणि ज्या शहराने संशोधकांनाही चकित केले ते आपले शिकागो. इथली मुले तिसरीत राष्ट्रीय सरासरीच्या बरीच मागे होती, पण पुढच्या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतके शिकत होती. १९८७ साली अमेरिकेचे तत्कालीन शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी ज्या शाळांना देशातल्या सर्वांत वाईट म्हटले होते, त्याच या शाळा. मी १९९६ मध्ये पळालो ते बेनेट यांच्या वाक्याच्या भीतीने, हे आता कबूल करायला हरकत नाही.

प्रत्येक शाळेची प्रगती इलिनॉय राज्याच्या रिपोर्ट कार्डावर पाहायला मिळते. पण तिलाही मर्यादा आहेत आणि त्या मित्राच्या मुलीला सांगणे भाग होते. राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते, म्हणजे प्रगती मोजायला सुरुवात होते चौथीत. तिचा मुलगा जाणार किंडरगार्टनमध्ये. वाचायला शिकण्याची जी तीन-चार वर्षे सर्वांत महत्त्वाची, त्यांच्याबद्दल हा आकडा अवाक्षर काढत नाही. शिवाय लहान शाळेत एका इयत्तेत चाळीस मुले असतील तर पाच-सहा कुटुंबे घर बदलून गेली तरी आकडा उडी मारतो. एका वर्षाकडे पाहू नये, तीन-चार वर्षे सोबत ठेवून पाहावी.

त्याच रिपोर्ट कार्डावर काही आकडे असे आहेत ज्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि मला विचाराल तर तेच जास्त बोलके आहेत. गेल्या सहा वर्षांत मुख्याध्यापक किती झाले? किती टक्के शिक्षक टिकून राहतात? शाळेचे दहा टक्के किंवा त्याहून अधिक दिवस बुडवणारी मुले किती? जिथून शिक्षक पळतात तिथे नऊ गुण असले तरी मी मूल घालणार नाही. याखेरीज विद्यार्थी आणि शिक्षकांच्या सर्वेक्षणातून तयार होणारा 'फाइव्ह इसेन्शल्स' नावाचा अहवाल आहे. तो शिकागो विद्यापीठातल्या संशोधनातून निघाला. अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या शाळांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २०१० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. नेतृत्व, शिक्षकांचे परस्पर सहकार्य, पालकांचा सहभाग, मुलांना सुरक्षित वाटणारे वातावरण आणि कसदार शिकवणे अशा त्या पाच गोष्टी. यांपैकी किमान तीन बाबतींत भक्कम असलेल्या शाळांमध्ये सुधारणा होण्याची शक्यता कमकुवत शाळांच्या दहापट आढळली. (आपल्याकडच्या जिल्हा परिषदेच्या चांगल्या शाळांतही एक खमका मुख्याध्यापक आणि गावाचा पाठिंबा याच दोन गोष्टी पहिल्यांदा ऐकू येतात.)

आता 'विविध' या शब्दाबद्दल. आपण हा शब्द फार सैल वापरतो. 'शाळा डायव्हर्स आहे' असे म्हणताना अनेकदा आपल्याला म्हणायचे असते की तिथे कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले आहेत. शिकागोच्या सार्वजनिक शाळांत तीन लाखांहून अधिक मुले आहेत, त्यांत निम्म्याच्या आसपास लॅटिनो आणि एक तृतीयांशाच्या आसपास कृष्णवर्णीय. ज्या शाळेत जवळजवळ सगळी मुले एकाच वंशाची आणि सगळीच गरीब आहेत, ती विविध नव्हे. ती एकटी पाडलेली शाळा आहे, आणि त्याचे मोल मुले चुकवतात. रिअर्डन यांच्याच २०१९ च्या अभ्यासात असे दिसले की कृष्णवर्णीय व गोऱ्या मुलांच्या गुणांतली दरी वाढण्यामागे वर्गसोबत्यांमधली गरिबीची दाटी हे मुख्य कारण आहे. तेव्हा 'गरिबीने काही फरक पडत नाही' असे म्हणणारे पुरोगामी हे 'चार म्हणजे वाईट' म्हणणाऱ्यांइतकेच चुकतात. उलट बाजूने, रकर जॉन्सन यांनी अनेक दशकांच्या माहितीवरून दाखवले आहे की शाळांच्या एकत्रीकरणाचा कृष्णवर्णीय मुलांना पुढे आयुष्यभर फायदा झाला, आणि गोऱ्या मुलांचे त्यात नुकसान झाले नाही. ते पुस्तकही २०१९ चेच.

एवढे सगळे फोनवर सांगून झाल्यावर ती शांतपणे म्हणाली, "काका, हे सगळं ठीक आहे. पण तुम्ही माझ्याबरोबर शाळा बघायला याल का?"

गेलो. एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या प्रकारच्या इमारतीत शिरायला मी घाबरलो होतो, तशाच तांबड्या विटांच्या तीनमजली इमारतीत. ऑफिसच्या दारावर इंग्रजी, स्पॅनिश, उर्दू आणि फ्रेंचमध्ये स्वागत लिहिलेले. इलिनॉयमध्ये नियम असा आहे की एखाद्या शाळेत इंग्रजी शिकणारी, एकाच भाषेची वीस किंवा अधिक मुले असतील तर त्यांच्या भाषेतून शिकवण्याची सोय करावी लागते. इथे स्पॅनिशची होती. पश्चिमेला डेव्हन अॅव्हेन्यूच्या आसपास राहणारी रोहिंग्या कुटुंबे आहेत, त्यांचीही काही मुले या शाळेत येतात.

आम्ही कार्यालयात बसलो असताना हिजाब घातलेली एक आई आली. तिला इंग्रजी बेताचेच येत होते. मी लिपिक बाईंकडे मुद्दाम बघत होतो. त्यांनी तिला खुर्ची दिली, फोनवर दुभाषी जोडून दिला, आणि मुलाचे नाव न अडखळता उच्चारले. दोन मिनिटांची गोष्ट. पण शाळेत पालकांचा सहभाग आहे की नाही हे मला त्या टेबलाशी समजले. माझ्या मुलीच्या उपनगरी शाळेत माझ्या पत्नीचे नाव सहा वर्षांत कुणी नीट घेतले नव्हते, आणि आमचे इंग्रजी तर उत्तम होते.

मग आम्ही तो प्रश्न विचारला जो आपल्यातल्या प्रत्येकाने विचारायला हवा: गिफ्टेड वर्गात कोण बसते? विविध शाळेतली सर्वांत मोठी फसवणूक इथे होते. दारातून सर्व रंगांची मुले आत शिरतात आणि आत गेल्यावर वेगवेगळ्या मजल्यांवर जातात. आपल्या शाळेतली 'अ' तुकडी आठवा. चौथीच्या स्कॉलरशिपला बसणारी मुले, बाकांची पहिली रांग, आणि त्यांची आडनावे. 'फ' तुकडीतली आडनावे आठवतात का? मला एकही आठवत नाही, आणि आम्ही दहा वर्षे एकाच मैदानावर प्रार्थनेला उभे राहत होतो. या शाळेत वेगळा गिफ्टेड वर्ग नव्हता. गणिताला गट पाडतात आणि दर काही आठवड्यांनी ते बदलतात, असे मुख्याध्यापिका म्हणाल्या. आम्ही वर्गात जाऊन पाहिले. पुढच्या गटात सर्व तऱ्हेची मुले होती, जरी माझ्या मोजणीनुसार कृष्णवर्णीय मुलगे थोडे कमी होते. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी "हो, आम्हालाही ते दिसतंय" एवढेच म्हटले, सबब सांगितली नाही.

वाचनाचे विचारले. चित्र पाहून शब्दाचा अंदाज बांधायला शिकवता की अक्षरांचे ध्वनी पद्धतशीर शिकवता? या देशात कित्येक वर्षे पहिल्या पद्धतीचा जोर होता आणि त्यावर गेल्या काही वर्षांत खूप ओरड झाली आहे. आपण बाराखडीवर वाढलेली माणसे, आपल्याला त्यात वाद काय हेच कळत नाही. किंडरगार्टनच्या बाई मुलांकडून ध्वनी जोडून घेत होत्या. ठीक.

आणि जे ठीक नव्हते तेही सांगतो. दुसरीच्या एका वर्गाला डिसेंबरपासून कायम शिक्षक नव्हता, बदली शिक्षकांवर काम चालले होते. त्या वर्गात आम्ही दहा मिनिटे उभे होतो आणि त्या दहा मिनिटांत काहीही शिकवले गेले नाही. दोन मुले खिडकीशी भांडत होती, एक मुलगी स्वतःहून पुस्तक काढून वाचत बसली होती. मित्राच्या मुलीचा चेहरा उतरला. परतताना ती गाडीत म्हणाली, "काका, दोन वर्षांनी माझा मुलगा त्या वर्गात असला तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. नऊवाल्या शाळेतही शिक्षक रजेवर जातात, हे खरे असले तरी तिथे बदली चांगला आणि लवकर मिळण्याची शक्यता जास्त, हेही तितकेच खरे.

घरी येऊन हे सांगितल्यावर माझी पत्नी म्हणाली, "तत्त्वं तुझी, पण वर्ष तिच्या मुलाचं जाणार. जपून बोल." रास्त आहे. मूल हे आपल्या विचारांचा झेंडा मिरवण्याची काठी नव्हे. पण याची दुसरी बाजू मला माझ्याच घरात ऐकायला मिळाली. आमची मुलगी डॉक्टर आहे, शहराच्या पश्चिम भागातल्या एका रुग्णालयात काम करते. नोकरीच्या सुरुवातीला एकदा जेवताना म्हणाली होती, "बाबा, मी इथून तीस मैलांवर वाढले, आणि पेशंट काय बोलतात ते मला पहिले दोन महिने धड कळत नव्हतं. ते इंग्रजीच बोलत होते." तिच्या शाळेला तेव्हाच्या कोष्टकात जिल्ह्यातल्या पहिल्या पाचांत जागा होती. या गोष्टीसाठी कोष्टकात रकाना नव्हता.

शेवटी आणखी एक, जे मला १९९६ मध्ये ठाऊक नव्हते, खरे म्हणजे मी विचारलेच नव्हते. १९८८ च्या कायद्याने शिकागोच्या बहुतेक शाळांना लोकल स्कूल कौन्सिल मिळाले. त्यात सहा पालक, परिसरातले दोन रहिवासी, शिवाय शिक्षक-कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी आणि मुख्याध्यापक असतात. मुख्याध्यापकाची निवड, त्यांचा चार वर्षांचा करार, शाळेच्या अंदाजपत्रकाला मंजुरी ही कामे हे मंडळ करते. आणि निवडणुकीत मत द्यायला किंवा उभे राहायला नागरिकत्व लागत नाही. एच-वन व्हिसावर पंधरा-पंधरा वर्षे ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्या, कर भरणाऱ्या पण मत नसणाऱ्या आपल्या माणसांना या देशात मतदान करता येईल अशा जागा किती आहेत? नेपरव्हिलच्या नऊवाल्या शाळेत ही सोय नाही. तिथे तिला फक्त गाडीच्या रांगेत थांबायचे आहे.

मी मित्राच्या मुलीला राहा किंवा जा, काहीच सांगितले नाही. त्यांनी लीज एका वर्षाने वाढवली आहे. पूर्ण खात्रीने नव्हे. नेपरव्हिलच्या एजंटचे ईमेल अजून येतात आणि ती ते उघडून पाहते. मेमध्ये ती शाळेत पुन्हा एकटीच गेली. दुसरीच्या त्या वर्गाचे काय झाले, हे तिला विचारायचे होते. नवीन शिक्षकाच्या मुलाखती चालू होत्या. मुख्याध्यापिकांनी तिलाच उलट विचारले, कौन्सिलमध्ये पालकांची एक जागा रिकामी होते आहे, अर्ज भरणार का? तिने फॉर्म आणला आहे. गेल्या रविवारी तो घेऊन ती आमच्याकडे आली होती. "व्यवसायापुढे काय लिहू?" म्हणून विचारत होती.

आपला,
संपादक